चार का? दोन का नाही?

“नशा सोडायची तुझी तयारी किती? शून्य ते दहामध्ये सांग.”

मुलगा खांदे उडवून म्हणतो, “चार.”

इथे आपल्यातलं कुणीही पटकन विचारेल, “चारच? दहा का नाही?” मग मुलगा न सोडण्याची कारणं मोजू लागतो. टर्की, म्हणजे नशा थांबल्यावर होणारा त्रास, सहन होत नाही, मित्र तेच आहेत, डोक्याला ताप फार आहे. कसलेला समुपदेशक उलटं विचारतो, “चार का म्हणालास? दोन का नाही?” आता त्याच तोंडून वेगळंच बाहेर पडतं. “आई रडते. गेल्या गणपतीत आठ दिवस घेतली नव्हती, तेव्हा बरं वाटलं होतं.” सोडण्याची बाजू तो स्वतःच मांडू लागतो, आणि माणसाला दुसऱ्याच्या उपदेशापेक्षा स्वतःच्या तोंडून निघालेलं अधिक पटतं!

या युक्तीमागच्या विचाराची सुरुवात नॉर्वेत झाली. 1982 मध्ये विल्यम मिलर हे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बर्गनजवळच्या एका व्यसनोपचार केंद्रात होते. तिथले तरुण मानसशास्त्रज्ञ त्यांना रुग्णाशी बोलून दाखवायला लावत आणि मध्येच थांबवून विचारत, आत्ता हाच प्रश्न का विचारलात? उत्तरं देता देता मिलरना आपलीच पद्धत उमगत गेली. 1983 मध्ये त्यांनी ती लिहून काढली. दहा वर्षांनी त्यांच्याच एका अभ्यासात दिसलं, की समुपदेशक दारू पिणाऱ्याला जितका खोडून काढतो, तितकी त्या माणसाची दारू वर्षभरानंतर जास्त असते.

म्हणजे आपण ज्याला ‘त्याचा हट्ट’ म्हणतो, त्यातला बराचसा वाटा आपल्या बोलण्याचा असतो. व्यसनी माणसाच्या मनात दोन्ही बाजू एकाच वेळी जाग्या असतात. सोडावीशी वाटते आणि हवीही असते. आपण एक बाजू हिरीरीने धरली, की त्याच्याकडे दुसरीच उरते. “घराण्याचं नाक कापलंस” हे ऐकून त्याला लाज वाटते, हे खरं. पण लाजेवर त्याच्याकडे हमखास औषध आहे, आणि ते पुडीत मिळतं.

तयारी एका रात्रीत उगवत नाही, हेही 1983 मध्येच प्रोचास्का आणि डिक्लेमेंटे यांनी धूम्रपान करणाऱ्यांच्या अभ्यासातून मांडलं. आधी विचारही नसतो, मग मनात घोळवणं, मग कृती, आणि मधूनच मागे घसरणं. कागदावर हे टप्पे जितके ओळीत दिसतात तितके माणसात नसतात, यावर टीकाही पुष्कळ झाली. तरी घोळवणाऱ्याला थेट केंद्रात ढकलू नये, एवढी अक्कल त्यातून आली.

आपल्याकडे या साऱ्याला माणसाचा चेहरा दिला तो पुण्याच्या ‘मुक्तांगण’ व्यसनमुक्ती केंद्राने. गर्द या नशेवरचं लेखक अनिल अवचट यांचं लेखन वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे मदतीला उभे राहिले, आणि 29 ऑगस्ट 1986 रोजी येरवड्याला केंद्र सुरू झालं. ते घडवलं डॉ. सुनंदा अवचट यांनी. रुग्णांच्या त्या ‘मॅडम’. धाकापेक्षा माया चालते, ही त्यांची पद्धत. तिथे पस्तीस दिवसांचे उपचार असतात आणि रुग्णांच्या पत्नींसाठी ‘सहचरी’ गट आहे. घरच्यांची बोलण्याची रीत बदलणं हाही उपचारच, हे त्यात गृहीत आहे.

पस्तीस दिवसांनंतर काय? समजा, मुलगा बदलापूर पश्चिमेला, मांजर्लीत परत आला. तीच गल्ली, तोच कट्टा, सकाळी लोकल पकडायची तीच घाई. जिथे पुडी हातात पडायची तो कोपरा नुसता दिसला, तरी तलफ उठते. मेंदूने जागा आणि नशा यांची गाठ मारलेली असते. याची दुसरी बाजू थक्क करणारी आहे. व्हिएतनाम युद्धात हेरॉइनच्या आहारी गेलेले अमेरिकन सैनिक 1971 मध्ये मायदेशी परतले, तेव्हा संशोधक ली रॉबिन्स यांनी त्यांचा माग घेतला. पहिल्या वर्षात पुन्हा व्यसनात अडकले ते शंभरात साधारण पाच. त्यांच्यापुरतं युद्ध संपलं होतं, गाव बदललं होतं, पुडी तितकी सहज हाताशी नव्हती. आपल्या मुलाला गाव बदलता येत नसेल, तर निदान स्टेशनचा रस्ता आणि संध्याकाळ बदलून द्यावी.

आणि स्लिप झाली, म्हणजे मध्येच पुन्हा घेतली, तर? धोका त्या एका पुडीपेक्षा “आता घेतलीच आहे, तर काय उरलं” या वाक्यात जास्त असतो. ‘आपल्याला जमेल’ हा भरवसा अशाने खचतो. तेव्हा त्याला पहिल्यांदा गणपतीतल्या त्याच आठ दिवसांची आठवण करून द्यावी: ते कसे जमले होते रे?

एक मात्र नक्की सांभाळा. रोजच्या पिणाऱ्याची दारू डॉक्टरांशिवाय एकदम बंद करू नका, त्याने जीवही जाऊ शकतो. पोलिसांच्या भीतीने उपचार टाळू नका. जवळ अल्प प्रमाणात अमली पदार्थ सापडलेल्या व्यसनीने स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार पूर्ण केले, तर खटल्यातून सूट देणारं 64-अ हे कलम अमली पदार्थविरोधी कायद्यात आहे. सरकारची मोफत व्यसनमुक्ती हेल्पलाइन आहे 14446. मुलगा तयार नसला तरी चालेल, पहिला फोन घरच्यांनी करावा.