दोन लाख व्ह्यूज, दोनशे कुर्त्या आणि परत आलेली पार्सलं



"सर, माझ्या रीलला दोन लाख व्ह्यूज आले. तरी टेलरला द्यायला माझ्याकडे पैसे नाहीत. असं कसं झालं?"

कोल्हापूरच्या आमच्या बॅचमधल्या एका ताईंनी हा प्रश्न विचारला, तेव्हा वर्गात दोघं-तिघं हसले. त्या नाही हसल्या. मी म्हटलं, "ताई, उद्या येताना वही घेऊन या." त्यांच्या सांगण्यावरून नाव देत नाही, पण वहीतला हिशोब देतोय. तो छापा, असं त्यांनीच सांगितलंय.

सुरुवात तशीच, जशी तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या मनात आहे. कपड्यांची आवड, हाताला चव म्हणतात तशी रंगांची जाण, इन्स्टाग्रामवर पेज. नाव ठरलं, लोगो झाला, छापील पिशव्या आल्या. भांडवल 80 हजार. त्यातले 50 हजार भिशीचे आणि 30 हजार एक बांगडी मोडून. भिशीचं घरी माहीत होतं, बांगडीचं नव्हतं.

त्या पैशांत त्यांनी 200 कुर्त्या शिवून घेतल्या. पाच डिझाइन, प्रत्येकात एसपासून डबल एक्सएलपर्यंत पाच साइज, प्रत्येक साइजचे आठ नग. कापड, शिलाई, काज-बटण, इस्त्री धरून एक कुर्ती पडली 400 रुपयांना. विक्रीची किंमत 799, कॅश ऑन डिलिव्हरी, "ऑल इंडिया फ्री शिपिंग". ऐकायला किती छान वाटतं ना?

तीन महिन्यांत 90 पार्सलं गेली. 36 परत आली.

आता एका पार्सलचा हिशोब बघा. 799 मधून कुर्तीचे 400 वजा, पॅकिंग 20, कुरिअर 80, कॅश ऑन डिलिव्हरीचा चार्ज 35. उरले 264. पण पार्सल परत आलं की पॅकिंगचे 20 गेले, जातानाचे 80 गेले आणि येतानाचे 70 वरून द्यायचे. म्हणजे एका परतीला 170 रुपये खिशातून. जाहिरातीवर ऑर्डरमागे सरासरी 100 रुपये जात होते, आणि जाहिरातीचे पैसे पार्सल पोचलं काय, परत आलं काय, जातातच.

दहा पार्सलं पाठवली आणि तीन परत आली, तर सगळं वजा जाऊन 338 रुपये उरतात. चार परत आली तर 96 रुपये तोटा. दहातलं एक पार्सल, बास. तेवढ्यावर धंदा इकडचा तिकडे होतो. ताईंचं प्रमाण बरोबर दहात चार होतं. तीन महिन्यांची मेहनत, रात्री जागून पॅकिंग, आणि वहीत शेवटी उणे 864 रुपये. यात जीएसटी अजून धरलेलाच नाही.

पण खरा धक्का पुढच्या पानावर होता. 80 हजारांपैकी हातात रोख होते 20,736. बाकीचे पैसे 146 कुर्त्यांच्या रूपात कपाटात लटकत होते. आणि विकल्या गेलेल्या 54 पैकी 44 कुर्त्या एल, एक्सएल आणि डबल एक्सएल होत्या. एस साइजच्या 40 पैकी फक्त तीन गेल्या. "सगळ्या साइज सारख्या काढा," असं टेलर म्हणाला होता. टेलरचं काय, त्याला 200 नगांची शिलाई मिळाली.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. ताईंची डिझाइन वाईट नव्हती, रीलही वाईट नव्हते. चूक एवढीच की गिऱ्हाईक कोण, तिची साइज काय, ती पैसे देणार की नाही, यातलं काहीही कळायच्या आधी सगळं भांडवल कापडात घातलं.

इन्स्टाग्राम रील्स भारतात जुलै 2020 मध्ये आलं, टिकटॉकवर बंदी आल्यानंतर काही दिवसांतच. तेव्हापासून घरबसल्या कपड्यांचा ब्रँड काढणं खरंच सोपं झालंय. दुकानाचं डिपॉझिट नाही, भाडं नाही. पण व्ह्यू म्हणजे गिऱ्हाईक नव्हे. ताईंच्या त्या दोन लाखवाल्या रीलमध्ये ट्रेंडिंग गाणं होतं आणि बघणारे निम्म्याहून जास्त पुरुष, तेही पार उत्तरेकडचे. इनसाइट्समध्ये हे सगळं दिसतं, बघत कोणी नाही. त्यांची सगळ्यात जास्त विक्री कुठल्या रीलने झाली सांगू? जेमतेम तीन हजार व्ह्यूजच्या. त्यात त्यांनी बादलीत कुर्ती धुऊन दाखवली होती. पाण्यात रंग उतरला नाही, वाळल्यावर टेपने मोजून दाखवलं की कापड आटलं नाही. बाईला विकत घेताना नेमकी हीच शंका असते.

गाण्यावरून आठवलं. बिझनेस अकाउंटला सगळी सिनेमाची गाणी वापरता येत नाहीत, म्हणून काही जण पर्सनल अकाउंटवरून धंदा करतात. आणि टी-शर्टवाल्या पोरांनो, सुपरहिरोचं चित्र किंवा सिनेमाचं पोस्टर परवानगीशिवाय छापून विकणं हा कॉपीराइटचा भंग आहे. "सगळेच करतात" हे उत्तर नोटिशीला चालत नाही.

तर मग ताईंनी काय केलं?

आधी त्या 36 जणींना एकेक करून फोन लावले. सोपं काम नाही हे. ज्या बाईने आपलं पार्सल नाकारलं, तिलाच विचारायचं की का नाकारलं. 15 जणींचे फोन लागले नाहीत किंवा पत्ताच अर्धवट होता. 12 जणींनी सांगितलं, पार्सल यायला आठवडा लागला, तोवर मन बदललं किंवा गावाला गेलो. आणि नऊ जणी म्हणाल्या, "साइज बसेल की नाही कळेना, म्हणून घेतलंच नाही." कुरिअरच्या नोंदीत मात्र बहुतेक ठिकाणी एकच कारण होतं, ग्राहक घरी नाही.

पुढचे दोन महिने नवीन एकही कुर्ती शिवली नाही. जाहिरात बंद. प्रत्येक ऑर्डरला व्हॉट्सॲपवर पत्ता परत विचारायचा, जवळची खूण विचारायची आणि 100 रुपये यूपीआयने आधी घ्यायचे. पार्सल घेतलं नाही तर हे 100 परत मिळणार नाहीत, हे आधीच स्पष्ट लिहायचं. पहिल्या आठवड्यात ऑर्डर निम्म्याहून कमी झाल्या. ताईंचा रात्री साडेदहाला मेसेज, "सर, धंदा बसला." मी म्हटलं, महिना जाऊ द्या. पुढच्या 30 पार्सलांत तीन परत आली. न घेतलेल्या तिघींचे 300 धरून हातात राहिले 6,918. आधीच्या 90 पार्सलांत उणे 864, या 30 मध्ये अधिक 6,918. कमी ऑर्डर म्हणजे कमी धंदा, हे डोक्यातून काढायला त्यांना वेळ लागला. मलाही माझ्या पहिल्या धंद्यात लागला होता.

दुसरं, साइज चार्ट. इंटरनेटवरून उचललेला चार्ट काढून टाकला. त्याजागी एक साधा व्हिडिओ पिन केला: "तुमच्या घरात जी कुर्ती तुम्हाला नीट बसते ती टेबलावर सपाट पसरा. एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंत टेपने मोजा. येईल त्याची दुप्पट करा आणि तो आकडा मला पाठवा." एस, एम विचारायचंच नाही, कारण एका कंपनीचा एल दुसरीचा एम असतो. इंचाला कंपनी नसते.

किंमतही पोस्टवर लिहायला लागल्या. "प्राइस डीएम" लिहिणाऱ्यांना माझा हात जोडून नमस्कार. बाजारात कुणी दुकानदार किंमत कानात सांगायला लागला तर तुम्ही थांबाल का?

तिसरी गोष्ट सगळ्यात मोठी. आपल्याकडे संक्रांतीला काळं नेसतात, घालतात, आणि हळदीकुंकू रथसप्तमीपर्यंत चालतं. ताईंनी काळ्या कुर्तीचं एकच डिझाइन ठरवलं. पूर्ण तागा न घेता तीन सॅम्पल पुरेल एवढंच कापड घेतलं, वेगवेगळ्या अंगाच्या तिघींना घालून डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात व्हिडिओ टाकला. बुकिंग 25 डिसेंबरपर्यंत, अर्धे म्हणजे 400 रुपये आधी. 41 बुकिंग आली. बघा, कुर्ती पडते 400 ला आणि 400 गिऱ्हाइकाने आधीच दिले. मग कापड आणलं, आलेल्या मापाप्रमाणेच शिवलं. शिल्लक माल शून्य. अर्थात तारीख पाळावी लागते. 15 जानेवारीला पोचलेली काळी कुर्ती म्हणजे शिव्या. म्हणून त्यांनी टेलरला तारीख पाच दिवस अलीकडची सांगितली होती. टेलर चार दिवस चुकलाच.

हेच गणित नवरात्रीच्या नऊ रंगांना लागतं. रंगांची यादी आली की सगळेच धावतात. नऊ रंगांत पाच साइज म्हणजे 45 प्रकार. नवीन माणसाने त्यात पडूच नये, असं माझं स्पष्ट मत. पडायचंच तर ओढणी करा. ओढणीला साइज नसते.

साडीलाही नसते. मुंबईचा 'सूता' ब्रँड तुम्ही इन्स्टाग्रामवर पाहिला असेल. सुजाता आणि तानिया बिस्वास या दोन बहिणींनी 2016 मध्ये नोकऱ्या सोडून तो उभा केला, ब्रँडचं नावही दोघींच्या नावांच्या पहिल्या अक्षरांतून आलं. लोक त्यांचे फोटो आणि साडीमागच्या गोष्टी बघतात, मला त्यातलं प्रॉडक्ट दिसतं. साडी सगळ्यांना बसते. हातात थोडे पैसे असतील तर पहिलं प्रॉडक्ट असं निवडा, ज्यात साइज नाही किंवा दोनच साइज आहेत. स्टोल, ओढणी, साडी, लुंगी-पँट, लहान मुलांची झबली.

आता कागदपत्रं, थोडक्यात. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात माल विकत असाल तर वर्षाला 40 लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणीची सक्ती नाही. पण राज्याबाहेर तयार कपडे पाठवायचे तर उलाढाल कितीही असो, नोंदणी लागते. हस्तकलेच्या काही वस्तूंना सूट आहे, साध्या शिवलेल्या कुर्तीला नाही. कोल्हापूरकरांनो, निपाणी तासाभरावर असली तरी कर्नाटकात आहे! ताईंचं "ऑल इंडिया फ्री शिपिंग" म्हणूनच आधी बंद केलं. 22 सप्टेंबर 2025 पासून एका नगाची किंमत 2,500 रुपयांपर्यंत असेल तर कपड्यावर 5 टक्के आणि त्यावर गेली तर 18 टक्के जीएसटी आहे, त्यामुळे 2,600 ची किंमत ठेवताना दोनदा विचार करा. उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर फुकट होते, त्यासाठी एजंटला हजार-दोन हजार देऊ नका. आणि लोगोवर खर्च करण्याआधी ट्रेडमार्कच्या सरकारी साइटवर क्लास 25 मध्ये, म्हणजे कपड्यांच्या वर्गात, तुमचं नाव आधीच कुणी घेतलंय का ते शोधा. शोधायला पैसे पडत नाहीत. स्वतःच्या नावाने ऑनलाइन अर्जाची फी 4,500 रुपये, नोंदणी दहा वर्षांची. ही फी पहिल्या दिवशी भरायची गरज नाही, पण शोध पहिल्या दिवशीच घ्या.

अजून एक. गिऱ्हाइकांचे नंबर फक्त इन्स्टाग्रामच्या चॅटमध्ये ठेवू नका. अकाउंट हॅक झालं तर सगळं गेलं. पार्सलमध्ये एक चिठ्ठी टाका, "आमचा नंबर सेव्ह करा." व्हॉट्सॲपची ब्रॉडकास्ट लिस्ट ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच पोचते. ताईंच्या 41 काळ्या कुर्त्यांपैकी 26 जुन्याच गिऱ्हाइकांनी बुक केल्या होत्या.

राहिल्या त्या एस साइजच्या 37 कुर्त्या. त्यातल्या बऱ्याच ताईंनी कॉलेजच्या मुलींच्या होस्टेलवर 450 ला विकल्या, समोर घालून बघा म्हणत. नऊ अजून कपाटात आहेत.

बांगडीचं त्यांनी संक्रांतीनंतर घरी सांगितलं. काय बोलणं झालं ते मी विचारलं नाही. पण परवा पार्सलांचा फोटो पाठवला, त्यात पत्ते चिकटवणारे हात त्यांचे नव्हते.

पुढच्या व्हिडिओत टेलरशी पीस-रेट कसा ठरवायचा आणि खराब शिलाईचे पैसे कोणी भरायचे, ते बघू. वही घेऊन बसा.