तेल महागले तरी फटका, स्वस्त झाले तरी फटका!

पेट्रोलचे दर वाढले की आपल्याकडे दोन दिवस चर्चा होते, मग सगळे गप्प बसतात. बाईकची टाकी भरताना शंभर-दोनशे रुपये जास्त गेले, एवढाच त्याचा अर्थ आपण घेतो. पण तेलाचा संबंध फक्त टाकीशी नाही. भिवंडीच्या मागावर काम मिळणार की नाही, रत्नागिरी-रायगडच्या घरात दुबईहून पैसे येणार की नाही, देशाची प्रगती होणार की नाही, या सगळ्याची दोरी कुठेतरी तेलाच्या बॅरलला बांधलेली आहे. हे नेमकं कसं घडतं, ते समजून घेणे गरजेचे आहे.

तेल म्हणजे फक्त पेट्रोल नव्हे

एका बॅरलमध्ये सुमारे १५९ लिटर कच्चे तेल असते. त्यातून पेट्रोल, डिझेल, विमानाचे इंधन, रस्त्याचे डांबर आणि नाफ्था निघतो. नाफ्थ्यापासून प्लास्टिक तयार होते आणि पॉलिस्टरचा कच्चा मालही. भिवंडी आणि मालेगावच्या पॉवरलूमवर जे पॉलिस्टरचे कापड विणले जाते, त्याचा धागा म्हणजे एका अर्थाने तेलच आहे.

आता बघा, कच्चे तेल महागले की यार्न महागते. कापडाचा भाव मात्र लगेच वाढत नाही. व्यापारी हात आखडता घेतो, मजुरीवर कापड विणून देणाऱ्या कारखानदाराला काम मिळत नाही आणि माग बंद राहिला की कामगाराचा खाडा पडतो. म्हणजे ज्याने आयुष्यात कधी गाडी चालवली नाही, त्याच्याही ताटातली भाकरी तेलामुळे कमी होते.

हाच हिशेब देशालाही लागू पडतो. भारत आपल्या गरजेच्या ८५ टक्क्यांहून जास्त कच्चे तेल बाहेरून घेतो आणि त्याचे पैसे मुख्यतः डॉलरमध्ये मोजतो. भाव वाढला की जास्त डॉलर बाहेर जातात, रुपया घसरतो आणि घसरलेल्या रुपयात तेल आणखी महाग पडते. ट्रकचे भाडे वाढते, भाजीपासून सिमेंटपर्यंत सगळ्याचे दर चढतात. लोकांचा पैसा गरजेच्या वस्तूंवरच संपतो, बाकीच्या वस्तूंना गिऱ्हाईक राहत नाही. महागाई रोखायला बँका व्याजदर वाढवतात, मग नवा धंदा, नवं घर, नवी नोकरी सगळंच लांबणीवर पडतं. आर्थिक वाढ मंदावते ती अशी.

१९७३ : एका दरवाढीची दोन तोंडे

ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब-इस्रायल युद्ध पेटले. इस्रायलला साथ देणाऱ्या अमेरिकेसह काही देशांना अरब राष्ट्रांनी तेल देणे बंद केले. सुमारे ३ डॉलरला मिळणारा बॅरल काही महिन्यांत १२ डॉलरच्या घरात गेला. युरोप-अमेरिकेत मंदी आली. भारतात आधीच दुष्काळाचा मार होता, त्यात हे संकट. १९७४-७५ मध्ये घाऊक महागाई २५ टक्क्यांच्या आसपास पोहोचली.

पण याच दरवाढीने आखाती देशांकडे अफाट पैसा आला. रस्ते, बंदरे, विमानतळ, इस्पितळे बांधायला माणसे हवी होती. केरळमधून, कोकणातून, मुंबईतून गवंडी, ड्रायव्हर, वेल्डर, खलाशी तिकडे गेले. ज्या तेलाने भारताची तिजोरी रिकामी केली, त्याच तेलाने कोकणातल्या कित्येक गावांत पक्की घरे उभी केली. जागतिकीकरण हा शब्द आपल्याकडे रुळण्याआधीच आपली माणसे ते जगत होती.

१९९०-९१ : सोने गहाण पडले

२ ऑगस्ट १९९० रोजी सद्दाम हुसेनच्या फौजा कुवेतमध्ये घुसल्या. १७-१८ डॉलरच्या आसपास असलेला बॅरल ऑक्टोबरपर्यंत ४० डॉलरच्या आसपास गेला. भारताला एकाच वेळी दोन बाजूंनी मार बसला. तेलाचे बिल फुगले आणि कुवेत-इराकमधून येणारा पैसा थांबला. सुमारे पावणेदोन लाख भारतीयांना तिथून परत यावे लागले. अम्मानहून एअर इंडियाने जवळपास ५०० फेऱ्या केल्या. वर्षानुवर्षांची कमाई मागे सोडून ही माणसे फक्त अंगावरच्या कपड्यांनिशी मुंबईत उतरली.

देशावर कर्जाचा आणि तुटीचा बोजा आधीपासून होताच. तेलाने शेवटचा धक्का दिला. परकीय चलन इतके घटले की जेमतेम दोन-तीन आठवड्यांची आयात भागेल एवढेच उरले. जुलै १९९१ मध्ये रिझर्व्ह बँकेचे सुमारे ४७ टन सोने बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ जपानकडे गहाण ठेवावे लागले. रुपयाचे अवमूल्यन झाले. २४ जुलैला डॉ. मनमोहन सिंग यांनी अर्थसंकल्प मांडला आणि भारताची बाजारपेठ जगासाठी उघडली. भारताच्या जागतिकीकरणाच्या मोठ्या वळणावर तेल असे उभे आहे.

जहाज महागले की जग लांब जाते

चीनमध्ये तयार झालेला मोबाईल आपल्या गल्लीत स्वस्तात मिळतो, कारण समुद्रमार्गे माल आणणे स्वस्त आहे. हजारो कंटेनर एकाच जहाजावर येतात, त्यामुळे एका वस्तूमागे वाहतुकीचा खर्च किरकोळ पडतो. पण जहाजही तेलावरच चालते. जुलै २००८ मध्ये बॅरल १४७ डॉलरवर गेला, तेव्हापासून जहाज कंपन्यांनी वेग कमी करायला सुरुवात केली. कारण जहाजाचा वेग थोडा जरी वाढवला तरी इंधन त्या मानाने बरेच जास्त लागते.

वाटेचेही तसेच. २०२३ च्या शेवटी लाल समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि अनेक जहाजे सुएझ सोडून आफ्रिकेला वळसा घालू लागली. प्रवास दहा-बारा दिवसांनी वाढला, भाडे वाढले. होर्मुझची सामुद्रधुनी तर सर्वात नाजूक जागा. सर्वात अरुंद ठिकाणी ती जेमतेम ३३ किलोमीटर रुंद आहे. जगाच्या तेलाचा साधारण पाचवा हिस्सा आणि भारतात येणाऱ्या स्वयंपाकाच्या गॅसचा मोठा भाग तिथूनच येत आला आहे. तिथे गडबड झाली की झळ थेट आपल्या चुलीपर्यंत पोहोचते.

मग तेल स्वस्त झाले तर?

बरे, तेल स्वस्त झाले तर सगळे चांगलेच होईल का? तसेही नाही. २०१४ च्या मध्यात बॅरल १०० डॉलरच्या वर होता, २०१६ च्या सुरुवातीला तो ३० डॉलरच्या खाली आला. पंपावर मात्र ग्राहकाला त्याचा पूर्ण फायदा मिळाला नाही, कारण सरकारने या काळात उत्पादन शुल्क एकामागून एक वाढवले. दुसरीकडे सौदी अरेबियात बांधकामाची कामे थांबली. २०१६ मध्ये हजारो भारतीय कामगार कित्येक महिन्यांच्या पगाराविना छावण्यांमध्ये अडकले. जुलै २०१७ पासून तिथे परदेशी कामगाराच्या प्रत्येक कुटुंबीयामागे महिन्याला १०० रियाल शुल्क लागले, ते २०२० पर्यंत ४०० रियाल झाले. बायको-मुलांना भारतात परत पाठवण्याशिवाय अनेकांना पर्याय उरला नाही.

म्हणजे गल्फच्या पैशावर चालणाऱ्या घराला तेल महाग झाले तरी इकडची महागाई सोसावी लागते आणि फार स्वस्त झाले तर तिकडची नोकरी जाते. रिझर्व्ह बँकेच्या पाहणीनुसार २०१६-१७ मध्ये परदेशातून येणाऱ्या पैशात आखाती देशांचा वाटा निम्म्याहून जास्त होता, २०२३-२४ मध्ये तो सुमारे ३८ टक्क्यांवर आला. आता अमेरिका आणि ब्रिटनमध्ये शिकलेल्या, कौशल्य असलेल्या लोकांकडून जास्त पैसा येतो. या बदलाचा इशारा आपण ओळखला पाहिजे.

तेलाचा भाव आपल्या हातात नाही. पण गल्फमधून येणारा पैसा फक्त घराच्या स्लॅबमध्ये आणि लग्नाच्या मंडपात घालायचा की मुलामुलींच्या शिक्षणात, हे नक्कीच आपल्या हातात आहे. विहीर दुसऱ्याची असेल तर आपल्या घरात निदान भरलेला हंडा तरी असावा. १९९० मध्ये कुवेतहून रिकाम्या हाताने परतलेल्यांमध्ये ज्यांच्याकडे हुन्नर होता, त्यांच्याकडे पुन्हा सुरुवात करण्यासाठी काहीतरी उरले होते.