विश्लेषण : अमेरिकेत कॉलेज संघांना खेळाडू टिकवणे अवघड का झाले?

अमेरिकेत कॉलेज संघाचे प्रशिक्षक शाळाशाळांत फिरून, पालकांना भेटून खेळाडू निवडतात. निवडलेला खेळाडू पूर्वी सहसा शिक्षण संपेपर्यंत संघात राही. कारण अमेरिकन फुटबॉल, बास्केटबॉलमध्ये कॉलेज बदलल्यास वर्षभर बाहेर बसावे लागे.

काय बदलले?
कॉलेज खेळांचे नियमन करणाऱ्या ‘एनसीएए’ने ऑक्टोबर २०१८ मध्ये ‘ट्रान्सफर पोर्टल’ सुरू केले. २०२१ मध्ये पहिल्या बदलीसाठी ही अट गेली. २०२४ मध्ये बदल्यांवरील मर्यादाही उठली. १ जुलै २०२१ पासून खेळाडूंना जाहिरातींतून कमाईची मुभा मिळाली, तर जुलै २०२५ पासून कॉलेजेही त्यांना थेट पैसे देऊ शकतात.

फटका कोणाला?
पोर्टलवर अनुभवी खेळाडू मिळत असल्याने शाळेतून येणाऱ्या नवख्यांना जागा मिळणे कठीण झाले. घडवलेला खेळाडू हंगाम संपताच निघून जाईल, ही धास्ती प्रशिक्षकांना असते.

प्रशिक्षकांनी काय शिकायचे?
आता फक्त डावपेच येऊन भागत नाही. संघातली जागा आणि खेळण्याची संधी याबद्दल खेळाडूशी हंगामभर स्पष्ट बोलावे लागते. निवडीवेळी दिलेले पोकळ आश्वासन पूर्वी खपून जाई. आता त्याची किंमत हंगामाअखेरीस मोजावी लागते.