दोन वर्षं इथे, दोन वर्षं तिथे

जॅकी रॉबिन्सन जगाला माहीत आहे तो बेसबॉलमुळे. १९३९ साली तो लॉस एंजेलिसच्या यूसीएलएत दाखल झाला, तो मात्र हायस्कूलमधून थेट नव्हे, तर आधी पॅसाडीना ज्युनिअर कॉलेजात शिकून. घराजवळच्या, कोणालाही प्रवेश देणाऱ्या कॉलेजात सुरुवात करायची आणि मग राज्याच्या नामांकित विद्यापीठात जायचं, ही वाट कॅलिफोर्नियात तेव्हाही होती. १९०७च्या कायद्याने हायस्कूलांना पुढचे वर्ग चालवायची मुभा दिली आणि १९१० मध्ये फ्रेस्नोत राज्यातलं पहिलं ज्युनिअर कॉलेज सुरू झालं.

या वाटेची जबाबदारी राज्याने घेतली ती १९६० मध्ये. महायुद्धानंतर जन्मलेल्या मुलांची लाट कॉलेजांच्या दाराशी येऊन ठेपत होती आणि यूसी (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया) व स्टेट कॉलेजं कोणी काय शिकवायचं यावरून हमरीतुमरीवर आली होती. यूसीचे अध्यक्ष क्लार्क कर यांच्या पुढाकाराने तोडगा निघाला, तो 'मास्टर प्लॅन'. गव्हर्नर पॅट ब्राउन यांनी त्यावर आधारलेल्या कायद्यावर सही केली. गुणवत्तेत वरच्या साडेबारा टक्के मुलांना यूसी, वरच्या एक तृतीयांशांना स्टेट कॉलेज आणि ज्युनिअर कॉलेज सर्वांना खुलं, तेही शिकवण्याची फी न घेता.

यूसीने आपलं दार अरुंद करून घेतलं आणि त्याच्या बदल्यात एक गोष्ट कबूल केली : तिसऱ्या वर्षाला ज्युनिअर कॉलेजांतून येणाऱ्यांसाठी जागा राखायची. त्यासाठी वरच्या वर्गांत साठ आणि खालच्या वर्गांत चाळीस असं विद्यार्थ्यांचं प्रमाण ठरलं. सगळ्या योजनेत मला हेच कलम सर्वांत मोलाचं वाटतं. सतराव्या वर्षी कमी गुण पडले, घरात कमावणारं कोणी नव्हतं किंवा इंग्रजी नुकतीच शिकायला घेतली होती, म्हणून कोणाच्या आयुष्यावर कायमचा शिक्का बसू नये, हे एका राज्याने कायद्याच्या आधाराने मान्य केलं.

नेमक्या त्याच वर्षी बर्टन क्लार्क या समाजशास्त्रज्ञाने सॅन होजेच्या ज्युनिअर कॉलेजचा अभ्यास प्रसिद्ध केला. चाचण्या आणि समुपदेशन यांतून ही कॉलेजं कित्येक विद्यार्थ्यांची विद्यापीठात जाण्याची उमेद हळूहळू थंड करतात, असं त्याने दाखवलं. पुढची साठ वर्षं पाहिली की क्लार्कचं म्हणणं झटकून टाकता येत नाही. पण मला वाटतं, उमेद खचवण्यात समुपदेशकांहून मोठा हात अभ्यासक्रमांच्या जुळणीतल्या गोंधळाचा आहे.

आधी पैशाचं. १९७८ मध्ये मतदारांनी मंजूर केलेल्या तेराव्या प्रस्तावाने मालमत्ता कराला लगाम बसला आणि स्थानिक कॉलेजांचा मोठा आधार गेला. १९८४ मध्ये फी आली, दर युनिटला पाच डॉलर. २०१२ पासून ती ४६ डॉलर आहे. तरीही दोन वर्षं कम्युनिटी कॉलेजात (ज्युनिअर कॉलेजांचं आजचं नाव) काढली तर खर्चात फार मोठा फरक पडतो.

जुळणीचं दुखणं अधिक खोल. कम्युनिटी कॉलेजातला कॅल्क्युलस विद्यापीठ आपल्या कॅल्क्युलसच्या जागी धरेल का, हे कॉलेज, विद्यापीठ आणि विषय या तिन्हींनुसार बदलतं. यूसीच्या बर्कली कॅम्पसला एक मागणी, सॅन डिएगोला दुसरी. डे आन्झा या कम्युनिटी कॉलेजात वर्ष तीन सत्रांत वाटलेलं, बर्कलीत दोन सत्रांत. भौतिकशास्त्राची मालिका अर्धवट टाकून विद्यार्थ्याने कॉलेज बदललं तर झालेला भागही वाया जाऊ शकतो. हे सगळं दुकानात संध्याकाळची पाळी करणाऱ्या एकोणीस वर्षांच्या मुलीने पहिल्याच सत्रात ओळखावं, अशी अपेक्षा. घरात आधी कोणी कॉलेजात गेलेलं नसेल तर ती विचारणार कोणाला?

दुरुस्त्या झाल्या, पण तुकड्यातुकड्यांनी. २०१०च्या कायद्याने स्टेट विद्यापीठांत (पूर्वीची स्टेट कॉलेजं) जाण्यासाठी कम्युनिटी कॉलेजांत खास 'ट्रान्सफर पदवी' आली. २०२१च्या कायद्यामुळे सामान्य विषयांची यादी दोन्ही विद्यापीठ व्यवस्थांसाठी एकच झाली आणि २०२५ पासून ती लागू आहे. यूसीच्या सहा कॅम्पसनी ठरावीक विषय आणि गुण पूर्ण केल्यास प्रवेशाची हमी दिली. बर्कली, यूसीएलए आणि सॅन डिएगो त्या हमीत नाहीत.

२०२४ मध्ये राज्याच्या लेखापरीक्षकांनी हिशेब मांडला : ट्रान्सफरच्या इराद्याने आलेल्यांपैकी जेमतेम पाचात एक विद्यार्थी चार वर्षांत विद्यापीठात पोचतो. पोचलेले मात्र यूसीत पदवी मिळवण्यात इतरांच्या मागे राहत नाहीत. म्हणजे कमतरता मुलांच्या कुवतीत नाही. क्युपर्टिनो-सनीव्हेलकडच्या ज्या मराठी घरांत कम्युनिटी कॉलेजचं नाव अजून दबक्या आवाजात घेतलं जातं, त्यांनी हे जरूर पाहावं. डे आन्झा तर त्यांच्या घरापासून हाकेच्या अंतरावर आहे.

२०२३ मध्ये झालेल्या कायद्याने यूसीएलएला काही निवडक विषयांत ट्रान्सफर पदवी घेतलेल्यांना प्राधान्य द्यायला सांगितलं. २०२६-२७ पासूनचा हा प्रयोग पुढे इतर कॅम्पसवर न्यायचा आहे. राज्यात आज ११६ कम्युनिटी कॉलेजं आहेत. या प्रयोगातून येणारे विद्यार्थी सँटा मोनिकासारख्या, नेहमीच विद्यार्थी पाठवणाऱ्या कॉलेजांतलेच असतील, तर फारसं काही बदललं असं मी म्हणणार नाही. इम्पिरियल व्हॅलीच्या शेतमजुरांची मुलं त्या यादीत किती, ते मी आधी पाहीन.