घाटमाथ्यावरची टर्की

टर्कीइतका नावाने पोरका पक्षी दुसरा नसेल. इंग्रजांनी तिला तुर्कस्तानची ठरवले. तुर्क तिला ‘हिंदी’ म्हणतात, म्हणजे तुमच्या-आमच्या गावची! फ्रेंचांचा शब्दही मुळात ‘हिंदुस्थानचा कोंबडा’ असाच आहे, आणि डचांनी तर थेट कालिकतचे नाव तिला चिकटवून दिले. पोर्तुगीज मात्र ‘पेरू’ म्हणतात आणि गोव्यातही तोच शब्द रुळला. आता एखाद्या मराठी घरात “आज जेवायला पेरू भाजायचा आहे” असे म्हटले तर काय गोंधळ उडेल, याची कल्पना वाचकांनीच करावी. खरे पाहता तिचे माहेर मेक्सिकोकडचे. सोळाव्या शतकाच्या आरंभी स्पॅनिश लोकांनी ती युरोपात नेली, आणि तिथून ती जगभर हिंडली.

आपल्या देशात तिचे आगमन चांगले थाटात झाले. १६१२ मध्ये जहांगीर बादशहाच्या मुकर्रबखान नावाच्या सरदाराने गोव्याहून काही अपूर्व वस्तू दरबारात आणल्या, त्यांत एक टर्कीचा नर होता. घटकेघटकेला रंग बदलणारे त्याचे डोके आणि मान पाहून बादशहा इतका चकित झाला, की त्याने आपल्या आत्मचरित्रात सरड्याशी त्याची तुलना करून ठेवली आणि चित्रकाराला त्याचे चित्र काढायला सांगितले. उस्ताद मन्सूरचे म्हणून ओळखले जाणारे ते चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. पक्षी खाल्ला की नाही, याबद्दल बादशहा चकार शब्द काढत नाही.

हे सगळे पुराण सांगण्याचे कारण असे, की गेल्या डिसेंबरात आमच्या घरच्या चौदा माणसांनी लोणावळ्याला अख्खी टर्की भाजून खाल्ली.

आमचा दादा चाळीस वर्षे न्यू जर्सीत आहे. अमेरिकेत नोव्हेंबरातल्या चौथ्या गुरुवारी ‘थँक्सगिव्हिंग’चा सण असतो आणि त्या दिवशी घरोघर टर्की भाजतात. हा सण साऱ्या देशाने एकाच दिवशी पाळावा अशी घोषणा अब्राहम लिंकनने केली ती १८६३ मध्ये. गंमत म्हणजे आपल्या बोरघाटातून आगगाडी धावू लागली तीही त्याच वर्षी. वहिनी नागपूरची. तिकडे गेल्यावर पहिली दोन वर्षे ती त्या पक्ष्याकडे नुसती संशयाने पाहत होती म्हणे. पुढे मात्र तिने टर्कीला आपल्या घरातली करून टाकले. आले, लसूण, कोथिंबीर, लिंबू आणि चिमूटभर नागपुरी काळा मसाला! त्या दिवशी तिच्याकडे वीस-पंचवीस मराठी माणसे जेवत. गेल्या वर्षी वहिनी गेली. दादा मुलासुनेला आणि दोन नातवंडांना घेऊन हिवाळ्याच्या सुट्टीत इकडे आला, तेव्हा धाकट्या नातवाने विमानतळावरून येतानाच विचारले, “आजीची टर्की इथे मिळते का?” दादा खिडकीबाहेर पाहू लागला. मी मात्र त्याच क्षणी ठरवले, की मिळते.

नाताळाच्या सुमारास मुंबईच्या मोठ्या दुकानांत बर्फात गोठवलेली टर्की मिळते. आम्ही साडेपाच किलोंची घेतली. माणशी सुमारे चारशे ग्रॅमचा हिशेब धरला, कारण आमच्या आत्या शाकाहारी आणि मुलांची पोटे लहान. बर्फाच्या पेटीतून ती रविवारी लोणावळ्याला पोचली. आता गोठवलेला पक्षी ओट्यावर ठेवून वितळवण्याची आपल्याकडे सर्रास पद्धत आहे, ती सोडून द्यावी. बाहेरचे मांस कोमट होऊन त्यात जंतू वाढू लागतात, तेव्हा आत अजून दगड असतो. फ्रिजमध्येच, दर दोन किलोंना एक दिवस या हिशेबाने वितळू द्यावी. आमच्या टर्कीने फ्रिजचे दोन कप्पे तीन दिवस अडवून धरले आणि श्रीखंडाला शेजारच्या बंगल्यात आश्रय घ्यावा लागला. आणखी एक. कच्चा पक्षी नळाखाली धुऊ नये. शिंतोडे भांड्यांवर, कोशिंबिरीवर उडतात आणि रोगराई पसरवतात. कागदाने टिपून कोरडा करावा, म्हणजे झाले.

बुधवारी रात्री सगळ्या अंगाला मीठ चोळले. दर दोन किलोंना पोहे खायचा एक भरलेला चमचा. कातडी मांसापासून बोटांनी हलकेच सोडवून तिच्याखाली लोणी आणि वहिनीचे वाटण भरले. दादाच्या पाकिटात वहिनीच्या हातची चिठ्ठी होती. मराठीत लिहिलेली, उष्णतेचे आकडे मात्र फॅरनहाइटमधले. “काळा मसाला अर्धा चमचा. जास्त नको,” यातल्या ‘नको’खाली दोन रेघा होत्या. मग टर्की रात्रभर फ्रिजमध्येच उघडी ठेवली, म्हणजे कातडी सुकते आणि भाजल्यावर कुरकुरीत होते. पोटात सारण भरू नये असे माझे स्पष्ट मत आहे. सारण आतपर्यंत शिजेस्तोवर छातीचे मांस वाळून कोळ होते. एक कांदा आणि अर्धे लिंबू ठेवले की पुरे.

इथपर्यंत सारे सुरळीत होते. अडचण होती ती भट्टीची. आमच्या मामांच्या जुन्या बंगल्यात ओव्हन नाही, आणि हल्ली फ्लॅटमध्ये असतात त्या छोट्या ओव्हनांत चार किलोंच्या वरचा पक्षी मावतच नाही. (ज्यांना घरीच करायचे आहे त्यांनी तंगड्या वेगळ्या करून भाजाव्या. दिसायला राजेशाही नाही, पण शिजते चांगली.) बंगला सांभाळणाऱ्या मावशी पवन मावळातल्या. त्यांनी पोपटीचा उपाय सुचवला. घाट उतरून खाली रायगडात गेले की हिवाळ्यात मडक्याला आतून भांबुर्ड्याचा पाला लावतात. त्यात वालाच्या शेंगा, कोंबडी, ओवा, मीठ घालून मडके उपडे करतात आणि भोवती जाळ लावतात. पाण्याचा थेंब नाही, सगळे आतल्या वाफेवर! युक्ती नामी, पण आमची टर्की मावेल असे मडके आणणार कुठून? त्यासाठी कुंभाराला पावसाळ्यातच सांगून ठेवायला हवे होते.

शेवटी बाजारातल्या एका बेकरीवाल्यांना गळ घातली. घाटातल्या रेल्वेमुळे लोणावळ्यात एकेकाळी गोऱ्या आणि अँग्लो-इंडियन ड्रायव्हर-गार्डांची मोठी वस्ती होती, तेव्हा नाताळात भाजलेला पक्षी या गावाला काही नवा नाही. बेकरीवाले म्हणाले, “पहाटेचे पाव निघाले की नऊनंतर भट्टी मोकळी. पण ती थंड होत जाणार, हे ध्यानात ठेवा.” विटांची भट्टी! पाव काढल्यावर तिच्यात उष्णता भरपूर असते, पण पुढे ती हळूहळू उतरते. घरच्या ओव्हनमध्ये १६५ अंश सेल्सिअसवर या वजनाला तीन तास लागतात. उतरत्या भट्टीत किती लागतील हे कोण सांगणार?

साडेनऊला पत्र्याच्या मोठ्या ट्रेमधून टर्की आत गेली. तासाभराने छातीवर रंग चढला, तेव्हा तेवढ्याच भागावर चांदीसारखा कागद घातला. छाती आधी शिजते आणि मांड्या मागे राहतात, ही या पक्ष्याची जुनी खोड आहे. बाराला ती इतकी देखणी दिसत होती, की जमलेल्या सगळ्यांनी “झाली, झाली!” म्हणून गिल्ला केला. दादाने वहिनीचा सुईचा तापमापक मांडीच्या जाड भागात, हाडाला न टेकवता, खुपसला. काटा १४८ वर थांबला. हवे होते १६५, म्हणजे ७४ सेल्सिअस. त्याखाली कोंबडीवर्गातला कोणताही पक्षी ताटात वाढू नये, मग रंग कितीही मोहक असो. घरी चौदा माणसे भुकेली, त्यांत दोन लहान मुले आणि पंच्याऐंशीच्या आत्या. दादाने काही न बोलता टर्की परत आत ढकलली. बेकरीवाल्यांनी आपण होऊन तोंडाशी चार ढलप्या पेटवल्या. पाऊण तासाने काटा १६७ वर गेला, तेव्हा कुठे दादाच्या कपाळावरची आठी उतरली.

भाजलेला पक्षी लगेच कापू नये, अर्धा तास तसाच राहू द्यावा. सगळीकडे पसरलेला रस मग मांसात मुरतो. आमचा तो अर्धा तास रिक्षातच गेला. घरी दादाने आधी तंगड्या सोडवल्या, मग छातीचे आडवे काप काढले. वहिनी शिजवायची आणि तो कापायचा, अशी त्यांची वाटणी होती. आत्यांनी टेबलाच्या दुसऱ्या टोकाला भरीत-भाकरी वाढून घेतली आणि “एवढा मोठा पक्षी, बिचारा!” एवढेच म्हणाल्या. नातवाने पहिला घास बराच वेळ चावला. “कातडी आजीसारखी नाही,” तो म्हणाला, “पण आतलं तसंच आहे.” लाकडाच्या धुराचा वास लागला होता, तो बरोबर त्याच्या लक्षात आला. दादाने त्याला आणखी एक काप वाढला आणि स्वतः उठून पाणी आणायला गेला. पाण्याचा तांब्या टेबलावरच होता.

उरलेले मांस दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये टाकले. सांगाडा मावशींच्या ताब्यात गेला. भाजलेल्या सुक्या खोबऱ्याचे आणि कांद्याचे मावळी वाटण लावून त्यांनी रात्री त्याचा रस्सा केला. सोबत इंद्रायणीचा चिकट, सुगंधी भात; हे वाण वडगाव मावळच्या भातसंशोधन केंद्रातून १९८७ मध्ये बाहेर पडले. खरे सांगायचे तर दुपारच्या जेवणापेक्षा मला तो रस्साच जास्त आवडला. सूनबाईंनी वाटणाचे प्रमाण विचारून वहिनीच्या चिठ्ठीच्या पाठीवर लिहून घेतले. मावशी म्हणाल्या, “लिव्हा, पर खोबरं जास्त भाजू नगा, कडू हुतं.” सूनबाईंनी तेही लिहिले.