माऊच्या हिरड्या पाहिल्या का?

फ्लॅटवरची माऊ दोन दिवस नुसती पडून आहे. बांगड्याचा तुकडासुद्धा हुंगून सोडून देते. ‘उकाड्याने असेल’ म्हणून तुम्ही लेक्चरला निघता. जरा थांबा. तिचा वरचा ओठ हलकेच उचला आणि हिरड्या बघा. गुलाबी आहेत की पांढऱ्याफटक? (हिरड्या मुळातच काळ्या असतील तर खालची पापणी आतून बघा.) पांढऱ्या असतील तर आजचं लेक्चर बुडालं तरी चालेल, थेट डॉक्टर गाठा.

तिथे रक्त तपासलं जातं. रिपोर्टमध्ये ‘पीसीव्ही’ असं लिहिलेलं दिसेल. एकूण रक्तात तांबड्या पेशी किती टक्के, त्याचा हा आकडा. निरोगी मांजरात तो साधारण 30 ते 45 असतो. समजा माऊचा 15 आला. डॉक्टर म्हणतात, ‘अ‍ॅनिमिया आहे.’ आपल्याला वाटतं, चला, आजार सापडला! तर नाही. सोसायटीची टाकी रिकामी आहे, एवढंच कळलंय. पाइप फुटलाय, पाणी टाकीतच नासतंय की वरून पाणीच येत नाहीये, हे शोधायचं अजून बाकी आहे. आणि उपचार ठरतात ते यावरच. म्हणून मेडिकलमधून माणसांचं लोहाचं टॉनिक आणून पाजण्याचा उद्योग करू नका.

पहिला धागा मिळतो तो रक्तातल्या कोवळ्या तांबड्या पेशींवरून. त्या भरपूर असतील तर अस्थिमज्जेचा कारखाना चालू आहे. म्हणजे रक्त कुठेतरी वाहून तरी जातंय किंवा आतल्या आत फुटतंय. कोवळ्या पेशी नसतील तर गोची कारखान्यातच आहे. तिथे मग ल्युकेमियाचा विषाणू किंवा वय झालेल्या मांजरांत थकलेली किडनी, असे संशयित समोर येतात. फक्त या पेशी वाढायला तीन ते पाच दिवस लागतात. म्हणून डॉक्टरांनी पुन्हा रक्त काढायला बोलावलं तर ‘बिल वाढवतायत’ असं लगेच समजू नका.

रक्त वाहून जायला अपघातच व्हावा लागतो असं नाही. अर्धा किलोच्या पिल्लाच्या अंगात रक्त असतं जेमतेम 30 मिली. एवढंसं रक्त संपवायला पिसवा पुरेशा असतात, आतड्यातले जंतही. पण त्यावर कुत्र्याचं पिसवांचं औषध मांजराला लावायचं नाही. त्यात बहुतेकदा परमेथ्रिन असतं आणि मांजराला ते विषच.

पेशी फुटण्यामागे कधी मायकोप्लाझ्मा नावाचा जंतू असतो. तो तांबड्या पेशींना चिकटूनच बसतो. आणि कधी कारण आपल्याच ओट्यावर असतं. कांदा आणि लसूण, कच्चे असोत की शिजलेले, मांजराच्या तांबड्या पेशी फोडतात. उरलेली ग्रेव्ही, पिझ्झाचा तुकडा, सगळं त्यात आलं. त्याहून भयंकर पॅरासिटामॉल. ‘अंग गरम लागलं म्हणून पाव गोळी दिली’ हे वाक्य ऐकायला साधं वाटतं. पण ते औषध निकामी करायची यंत्रणा मांजराच्या यकृतात जवळपास नसतेच. एक गोळी जीव घेऊ शकते. हिरड्या तपकिरी पडतात, तोंड सुजतं. उतारा आहे, पण तो काही तासांत मिळायला हवा.

म्हणूनच दवाखान्यात जाण्याआधी रूममेट्सना एकत्र बसवा. कोणी काय खाऊ घातलं, कोणती गोळी दिली, माऊ बाहेर भांडून आली होती का, भिंत किंवा माती चाटत होती का, लघवीचा रंग कसा होता, सगळं मोबाइलवर लिहून घ्या. ज्याने गोळी दिली त्याच्यावर ओरडायचं नंतर बघू, आधी त्याला बोलतं करा. हे प्रश्न डॉक्टर विचारणारच आहेत.

खिशाचा प्रश्न असेल तर मुंबईकरांना परळचं ‘बैलघोडा’ हॉस्पिटल माहीत असेलच. शिरवळ, नागपूर, परभणी, उदगीर इथल्या पशुवैद्यक महाविद्यालयांतही चौकशी करा.

आकडा फारच खाली गेला तर रक्त चढवावं लागतं. मांजरांचे मुख्य रक्तगट ए आणि बी, एबी क्वचितच. बी गटाच्या मांजराला ए गटाचं रक्त गेलं तर पहिल्याच खेपेला जीवावर बेततं. त्यामुळे मित्राचा धष्टपुष्ट बोका रक्त द्यायला तयार असला तरी आधी दोघांचा गट तपासून घ्यायचा.