ऐकू येईनासं झालेलं विमान

लेक परदेशातून मुंबईला येत होती. पुण्यात आमच्या गच्चीवर लावलेल्या अँटेनाच्या जोरावर तिचं विमान मी संगणकावर पाहत होतो. मुंबईजवळ त्याची उंची कमी होत गेली आणि अचानक ते पडद्यावरून नाहीसं झालं. माझ्या पोटात गोळा आला.

यामागची पद्धत साधी आहे. तिला एडीएस-बी म्हणतात. विमान उपग्रहांच्या साहाय्याने आपलं स्थान ठरवतं आणि उंचीसह ते १०९० मेगाहर्ट्झवर सेकंदाला साधारण दोनदा प्रक्षेपित करतं. संदेश ११२ बिटांचा. त्यातले २४ बिट विमानाची ओळख सांगतात. तो गुप्त लिपीत नसतो. टीव्हीसाठी बनवलेला स्वस्त डोंगल तो पकडू शकतो. लहरीची लांबी सुमारे २७.५ सेंटिमीटर, म्हणून तिच्या चतुर्थांशाएवढी, ६.९ सेंटिमीटरची उभी तार अँटेना म्हणून पुरते.

मात्र या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात. १० किलोमीटर उंचीवरचं विमान, मध्ये अडथळा नसेल तर, सुमारे ४०० किलोमीटरवरूनही ऐकू येऊ शकतं. मुंबईत उतरणारं विमान त्याहून कितीतरी जवळ असूनही ऐकू येत नाही. मध्ये सह्याद्री उभा आहे.

हे गणित मी स्वतःच मांडलं होतं. त्या संध्याकाळी ते आठवलं नाही. तासाभराने लेकीचा फोन आला, "बाबा, बॅगा मिळाल्या."

तेव्हापासून माझ्या वहीत "विमान नाहीसं झालं" अशी नोंद नसते. "ऐकू येईनासं झालं" असं मी लिहितो.